एक तृतीयांश माणूस

मिहिका आणि अर्णव,

मिहिकाने पाठवलेला निबंध छापून माझ्या टेबलावर ठेवला, त्याला तीन आठवडे झाले. "आजी, जस्ट चेक इट, ग्रामर वगैरे," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. आठ पानं आहेत, दोह्यातल्या तुमच्या लहानपणाबद्दल. दुसऱ्याच पानावर मला चार चुका दिसल्या. सवयीने लाल पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. असं तीन-चार वेळा झालं. टोपण परत का लावलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझा हात आपोआप नीटनेटका होतो, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या नीटनेटकेपणानेच बिघडवलेलं आहे. तुम्ही मराठीत वाचाल आणि उत्तर इंग्रजीत द्याल. ते मला चालतं.

दुसरं कारण खिडकीबाहेर आहे. कंपाउंडमधल्या खजुरीच्या झाडांवर माळ्याने जाळीच्या पिशव्या बांधल्या आहेत. घड पिवळे झाले आहेत. आणखी पंधरा दिवसांत एकेक फळ खालच्या टोकाकडून तपकिरी आणि मऊ व्हायला लागेल, वरचं टोक मात्र पिवळं आणि करकरीतच असेल. इथले लोक त्या अर्ध्या पिकलेल्या खजुराला रुतब म्हणतात आणि वर्षभर त्याची वाट पाहतात. मी गेली सहा वर्षं तो तोंडात घालू शकलेले नाही. कोणी विचारलं तर गोड सोसत नाही म्हणून सांगते.

दोह्याचा हा उन्हाळा तुम्हाला अर्धवटच माहीत आहे, कारण शाळेला सुट्टी लागली की तुमची आई, सायली, तुम्हाला घेऊन नाशिकला जायची. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो आणि मिनिटभर आंधळ्यासारखं उभं राहावं लागतं. थंड पाण्याचा नळ चटका देतो, म्हणून लोक गीझर बंद ठेवतात आणि त्याच्या टाकीतलं पाणी थंड म्हणून वापरतात. एसीच्या नळीखाली ठिबकणाऱ्या पाण्यावर पुदिना माजतो. बुलबुल चोच उघडी टाकून सावलीत बसतात. अल हिलालमधल्या आपल्या गल्लीत त्या दिवसांत एकही मूल दिसत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून मी तुमच्याबरोबर आले नाही. तुमचा बाबा, निखिल, ऑफिसला गेला की मी, माझी काठी आणि एसीचा आवाज. आणि शेजारच्या व्हिलाची पार्टिशनं करून भाड्याने दिलेल्या खोल्यांपैकी मागच्या खोलीत राहणारे मिस्टर टॉलिव्हर.

तुमचे अर्लअंकल. तुम्हाला एकेका हातावर बसवून पोर्चभर फिरवायचे ते. त्यांचे कान फुलकोबीसारखे चुरगळलेले होते. कपाळ मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटायचं आणि कशासारखं ते सुचायचं नाही. नंतर सुचलं: टाकी लावून घेतलेल्या पाट्यासारखं. बारीक, उभ्या, पांढऱ्या रेघाच रेघा.

अमेरिकेत पंचवीसेक वर्षं ते व्यावसायिक कुस्तीगीर होते. टीव्हीवर दाखवतात त्या कुस्तीतले, जिथे कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. आखातात एका दौऱ्याबरोबर आले, इथल्या एका क्लबात मुलांना व्यायाम शिकवायचं काम मिळालं आणि राहिले. अर्णव, तू त्यांना विचारलं होतंस, "अंकल, इट्स ऑल फेक, राइट?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते शांतपणे म्हणाले, "जमीन खरी होती."

त्या जमिनीमुळेच आमची ओळख वाढली. मी पोर्चमध्ये एकेक पाऊल भीत भीत टाकताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही चालायला घाबरत नाही, पडायला घाबरता. पडायला शिका." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोन गाद्या टाकून घेतल्या. हनुवटी छातीला लावायची. हात टेकवायला जायचं नाही, अख्खा हात खांद्यापासून जमिनीला देऊन टाकायचा. श्वास सोडायचा. पहिले चार दिवस नुसतं बसल्या जागेवरून मागे पडायचं. निखिल एकदा दुपारी जेवायला घरी आला, तर त्याची आई गादीवर उताणी आणि शेजारी हा पहाड गुडघे टेकून बसलेला.

"आई, काय चाललंय?"

"पडायला शिकतेय."

"लोक उठायला शिकतात," निखिल म्हणाला आणि आपलं ताट वाढून घेऊन आत गेला.

या शिकवणीच्या बदल्यात मी काय देऊ, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी ताकाचा ग्लास संपवला. मग म्हणाले की त्यांना एक मुलगी आहे, डोना. पुष्कळ वर्षांत बोलणं नाही. तिला आपलं सगळं आयुष्य लिहून पाठवायचं आहे. पण डोक्यावर इतके मार बसलेत की कागदावरची अक्षरं पोहतात, दहा ओळींच्या पुढे वाचता येत नाही आणि लिहायचं तर नावच नको. तुम्ही मास्तरीण आहात.

होतेच. नाशिकला एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. मला कोण आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून माझ्या इंग्रजीची कोणाला गरज पडली नव्हती. तुम्ही दोघंसुद्धा माझे उच्चार ऐकून हसायचात. मी अल मन्सूरातल्या किराणा दुकानातून दोनशे पानी चार वह्या मागवल्या, समास आखले आणि रोज सकाळी अकराला, ते क्लबातून आले की जेवणाच्या टेबलावर आम्ही बसायचो. येताना ते कंपाउंडमधले पडलेले रुतब ओंजळीत घेऊन यायचे, धुऊन बशीत ठेवायचे. ते बोलायचे, मी जसंच्या तसं उतरवून घ्यायची. नंतर त्यावरून नीट लिहून काढायचं, असं ठरलं होतं.

काय काय सांगितलं त्यांनी. कत्तलखान्याभोवती वसलेलं गाव. वडील कामावरून आले की आई त्यांना आधी मागच्या अंगणात नळीने धुऊन काढायची. शाळेतली खरी कुस्ती, ज्यात ते जिल्ह्यात पहिले आले होते. मग ही दुसरी कुस्ती. त्यात त्यांना मिळालेली भूमिका ऐकून मी पेन खाली ठेवलं होतं. ते हेडमास्तर व्हायचे. काळा झगा, हातात छडी. रिंगणात शिरायच्या आधी प्रेक्षकांना ताठ बसायला सांगायचे, त्यांच्या हातातल्या फलकांवरच्या व्याकरणाच्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचे. लोक संतापायचे, कागदी ग्लास फेकायचे. मग कोणीतरी देखणा तरुण येऊन हेडमास्तरांना बदडून काढायचा आणि लोक घसा बसेपर्यंत ओरडायचे. "तुम्हाला तर झगासुद्धा लागला नसता, मॅडम," असं ते म्हणाले, आणि मी आधी रागावले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आयुष्यभर हरणं हेच काम. पण ते त्याबद्दल सुताराने सांध्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. समोरच्याला उचलायला आपणच कशी उडी द्यायची, त्याच्या पाठीला इजा होऊ नये म्हणून आपण कुठे वजन घ्यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम गुपित पाळण्याचा. खलनायक आणि नायक एकत्र दिसता कामा नयेत. त्यांचा जिवलग मित्र त्यांना रोज संध्याकाळी मारायचा, आणि ते दोघं वर्षानुवर्षं वेगळ्या गाड्यांतून फिरले, वेगळ्या हॉटेलांत जेवले. भेटायचं तर पेट्रोल पंपाच्या मागे. घरीसुद्धा सांगायचं नाही. बायकोला कळायचंच. मुलांना नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं आहे. उठून पुदिन्याला पाणी घालून आले. त्याला पाण्याची गरज नसते हे मला माहीत आहे.

डोनाच्या आठव्या वाढदिवसाला त्यांनी तिला पहिल्यांदा कुस्ती पाहायला नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. हेडमास्तरांना त्या दिवशी रक्तबंबाळ व्हायचं होतं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवलेला असतो. पडल्या पडल्या तोंड झाकून स्वतःच कपाळाला चीर द्यायची. घामात मिसळलं की थोडं रक्तही पुष्कळ दिसतं. मग निपचित पडून राहायचं. ते तसे पडून राहिले. डोना कठडा ओलांडून आली. खालच्या दोराखालून हात घालून तिने त्यांचं बोट धरलं आणि ओढायला लागली. ती हाका मारत होती. "मला फक्त तिचं बोट दाबायचं होतं," ते म्हणाले. "एकदा. कोणालाही दिसलं नसतं. मी दाबलं नाही." घरी जातानाही त्यांनी खरं सांगितलं नाही. त्यानंतर पाच वर्षं ती रोज झोपताना, देवा बाबांना आज मरू देऊ नको, असं म्हणायची आणि ते दाराआडून ऐकायचे. तेराव्या वर्षी शाळेतल्या मुलांनी तिला हसत हसत सांगितलं की सगळं ठरवून असतं. तिथून ती त्यांच्यापासून जी तुटली ती तुटलीच.

हे त्यांनी मला चार वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. एकदा तिच्या पांढऱ्या बुटांबद्दल. एकदा घंटेबद्दल. एकदा चटईचा रंग आठवत नाही म्हणून अर्धा तास. बोटाचं चौथ्या दिवशी आलं. सांगून झाल्यावर त्यांनी टेबलावरचा स्वतःचा हात उलटा करून पाहिला, जणू कोणी तो तिथे विसरून गेलं होतं. चारही दिवस मी सगळं उतरवून घेतलं. अकरा पानं झाली.

आता माझा भाग.

तुम्ही सारांशलेखन शिकला नाहीत. आमच्या काळी तो दहा गुणांचा हमखास प्रश्न असायचा. दिलेल्या उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा. पुनरुक्ती काढा, उदाहरणं काढा, बोलीभाषा काढा, भावनोद्गार काढा, योग्य शीर्षक द्या. एकतीस वर्षं मी मुलांना हे घोटवलं. माझ्या विद्यार्थ्यांचे त्या प्रश्नात कधी गुण गेले नाहीत. मिस्टर टॉलिव्हरांच्या चार वह्या समोर आल्या तेव्हा दुसरं काही करता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी प्रकरणं पाडली. बालपण, शिक्षण, कारकीर्द, परदेशगमन. सन-सनावळ्या लावल्या. त्यांच्या बोलीतले 'एन्ट' (ain't) आणि एकाच वाक्यातले दोन-दोन नकार सगळे सुधारले. आणि चार वेळा आलेल्या त्या अकरा पानांचं एक वाक्य केलं: "या व्यवसायात त्यांना अनेकदा दुखापती झाल्या, त्यांपैकी काही कुटुंबीयांच्या देखत."

ही केवळ सवय होती असं म्हणून मी सुटू शकले असते. पण ते खरं नाही. ब्लेडची मला किळस आली होती. आणि बापाने मुलीपुढे इतकं उघडं पडू नये, असं मला वाटलं होतं. मी त्यांची अब्रू राखते आहे, अशी माझी समजूत होती. माझ्या वडिलांनी कधी माझी माफी मागितली नव्हती. मी निखिलची मागितलेली नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती, आणि तीच पद्धत मी एका परक्या माणसाच्या घरात नेऊन बसवली.

टाइप करून झाल्यावर मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. पस्तीस पानं. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. एखाद्या मोठ्या माणसाचं वाटतं." मग त्यांनी विचारलं, "त्या बोटाचं आलंय ना?"

मी म्हणाले, "आलंय. थोडक्यात."

ते मान हलवून म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं."

तुम्ही ऑगस्टच्या शेवटी परत आलात. त्या संध्याकाळी पोर्चमध्ये अंकलनी तुम्हाला खांद्यावर घेतलं, ते मिहिकाच्या निबंधात आहे. "माझी आजी दारात उभी राहून हसत होती," असंही तिने लिहिलं आहे. बरोबर आहे. तोवर मला काही टोचत नव्हतं.

मी पाठवलेल्या त्या पस्तीस पानांना डोनाचं उत्तर ऑक्टोबरात आलं, माझ्या ईमेलवर, कारण त्यांना ईमेल नव्हतं. तीन ओळी. माहिती पाठवल्याबद्दल आभार. लेखन उत्तम आहे. मी एका गोष्टीची वाट पाहत होते, ती यात नाही.

त्या तीन ओळी मी किती वेळा वाचल्या असतील. एवढ्या छोट्या पत्राचा सारांश काढता येत नाही. पण मी तोही काढला. हवा पालटली होती, पहिल्यांदाच संध्याकाळी बाहेर बसावंसं वाटत होतं, आणि निखिल मला आणि मिस्टर टॉलिव्हरांना सूक वाकिफच्या जुन्या बाजारात सोडून गाडी लावायला गेला होता. मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही करक चहा घेतला. मी सांगितलं की डोनाचं उत्तर आलं आहे. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय म्हणते?"

"लेखन उत्तम आहे म्हणते. आभार मानलेत."

"आणखी?"

"एवढंच."

ते हसले. इतका मोठा माणूस, पण हसताना खांदे वर जायचे, लहान मुलासारखे. "उत्तम म्हणाली," असं त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. मग उठले, खजुराच्या दुकानात जाऊन तिच्यासाठी एक डबा बांधून घेतला. दुकानदाराला हातवारे करून सांगत होते की मुलीला पाठवायचाय, चांगले द्या. तो, यल्ला, चला, सगळे चांगलेच आहेत म्हणून हसत होता. मला पत्ता लिहायला सांगितला. मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्या क्षणी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. वह्या तर घरातच होत्या. ती अकरा पानं दहा मिनिटांत पाठवता आली असती. पण मग मी काय केलं ते त्यांना कळलं असतं. पुढच्या वर्षी त्यांचं काम संपलं आणि ते परत गेले. वह्या देऊ का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडे हरवतील.

या फेब्रुवारीत मी न्हाणीघरात घसरले. तुम्हाला फोनवर नुसतं पडले म्हणून सांगितलं होतं. पाय सुटला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. हनुवटी आपोआप छातीला लागली, हात टेकवायला गेला नाही, श्वास सुटला. दंडावर हातभर काळंनिळं झालं, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात खुब्याचं हाड वाचलं हे नशीब. नशीब नव्हतं. त्यांनी मला शिकवलेलं सगळं माझ्या अंगात शाबूत होतं, आणि त्यांनी मला सांगितलेलं मी एका वाक्यात संपवलं होतं. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या हेच डोक्यात आलं.

मी त्यांना दर नवीन वर्षाला कार्ड पाठवते. एरवी उत्तर येत नाही. या वर्षी उशिरा, मे महिन्यात आलं. डोनाने लिहिलं होतं. वडील एका संस्थेत आहेत, डोक्याला बसलेल्या मारांमुळे आता काहीच आठवत नाही, तिलाही ओळखत नाहीत. ती रविवारी जाऊन बसते. का जाते ते तिचं तिलाच नीट सांगता येत नाही. शेवटी एक ओळ होती: मी शेजारी बसले की ते माझं एक बोट धरतात आणि सारखं दाबत राहतात. नर्स म्हणते अशा सवयी लागतात.

मुलांनो, ते बोट का दाबतात हे आता जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ती जागा माझ्या कपाटात होती.

मी त्याच दिवशी वह्या काढल्या. अकरा पानांचे फोटो काढून डोनाला पाठवले. सोबत लिहिलं की हे तुमच्या वडिलांनी सहा वर्षांपूर्वी तुमच्यासाठी सांगितलं होतं, ते मी कापलं, आणि कापलं नाही असं त्यांना सांगितलं. तुमचं उत्तरही मी त्यांना अर्धंच सांगितलं. दोष त्यांचा नाही. दोन महिने होतील. उत्तर आलेलं नाही. मी त्याची वाट पाहते, पण मागण्याचा हक्क मला नाही. आणि त्यांची माफी मागायची, तर ऐकून घेणारे ते आता तिथे नाहीत.

मिहिका, तुझा निबंध होता तसा परत पाठवते आहे. अंकलविषयीचा परिच्छेद तू दोन वेळा लिहिला आहेस. एकदा खांद्यावर बसल्याचं, एकदा पुन्हा खांद्यावर बसल्याचं. दोन्ही राहू दे.

चार वह्या माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. दुसऱ्या वहीच्या मध्यापासून ती अकरा पानं सुरू होतात. त्यांत बूट आहेत, घंटा आहे, चटईचा न आठवणारा रंग आहे, बोट आहे, आणि सगळे 'एन्ट' आहेत. एकही खोडलेला नाही.